मुकी वाट

काम साधंच होतं. पूवक्काचा फोन आला, "भार्गवी, तुझा आवाज पळून गेलाय गं. ये आणि पकडून दे मला," आणि मी हसत हसत म्हैसूरहून बस धरली.

पूवक्का कान तपासते. कोडगूच्या डोंगरात, कॉफीच्या मळ्यांमध्ये एक लहानसं गाव आहे. तिथे एका ट्रस्टचा दवाखाना, आणि त्यात तिची खोली. जानेवारी होता. कॉफीची तोडणी भरात आलेली, त्यामुळे घाट चढायला लागल्यापासून आंबलेल्या सालींचा वास बसमध्ये भरून राहिला होता. गोडसर आणि कुजकट. माझं आजोळ तिकडचंच, मला तो वास लहानपणापासून आवडतो. आवडायचा.

पूवक्काच्या खोलीत कोपऱ्यात एक पेटी आहे. म्हणजे खोलीतली खोलीच ती, पण सगळे तिला पेटी म्हणतात. जाड लाकूड, आतून स्पंज, दार दुहेरी, आणि आमच्या बाजूला एक जाड काच. बाहेरचं एक अक्षर आत जात नाही. माणसानं आत बसायचं, कानांवर हेडफोन चढवायचा आणि शिट्टी ऐकू आली की हातातलं बटण दाबायचं. दाबलं की बाहेर टेबलावर हिरवा दिवा लागतो. शिट्टी हळूहळू बारीक करत न्यायची. दिवा लागायचा बंद झाला की कळतं, या माणसाचं ऐकणं इथवर.

या शिट्ट्या वाजवणारा प्रोग्रॅम मी लिहिलेला. आवाजाचं किचकट काम मी करत नाही, त्यासाठी तयार लायब्ररी असते. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड. आपण तिला सुरुवातीला एवढंच सांगायचं, की आवाज कोणत्या उपकरणातून बाहेर काढ. मी ते नंबरानं सांगितलं होतं, आणि तिथेच घोटाळा झाला. डोंगरात वीज सारखी जाते येते. कुणी एखादी वायर काढून दुसरीकडे खुपसली की उपकरणांचे नंबर बदलतात. पेटीतल्या हेडफोनचा नंबर बाहेर पेशंट बसतात तिथल्या टीव्हीला गेला होता.

"आतल्याची तपासणी चाललेली, आणि बाहेरचा अख्खा बाक टीव्हीकडे बघून माना डोलावतोय," पूवक्का म्हणाली. "लाज आणलीस मला."

मी बसले आणि दुरुस्ती केली. आता उपकरण नंबरानं शोधायचं नाही, नावानं शोधायचं. आणि त्या नावाचं उपकरण सापडलंच नाही तर? भलतीकडे भलत्या जोरानं आवाज जाऊन कुणाच्या कानाचा पडदा फाटायला नको. म्हणून मी लिहिलं, की तसं झालं तर आवाज मुक्या वाटेला सोड.

ही मुकी वाट जवळजवळ प्रत्येक लायब्ररीत असते. उपकरणच नसतं ते. प्रोग्रॅमला वाटतं की आपण वाजवतोय. आवाज तयार होतो, स्क्रीनवर आवाजाची पट्टी हलते, सगळं यथासांग होतं, फक्त आवाज कुठेही पोचत नाही. चाचणीसाठी ठेवलेली असते ती. आम्ही लोक ती वापरतो आणि विसरून जातो. कुठेच न पोचणारा आवाज जातो कुठे, असा प्रश्न मला तोवर कधी पडला नव्हता.

दुरुस्ती झाल्यावर पूवक्कानं पेशंट घ्यायला सुरुवात केली. आधी शाळेतले मास्तर आत गेले. शिट्टी मोठी केली, आणखी मोठी केली, दिवा काही लागेना. बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "झोप मात्र झकास लागते हो आत." त्यांच्यानंतर एक दुकानवाली बाई. तिचंही तेच.

"कालपर्यंत हिला माझं पुटपुटणं ऐकू यायचं," पूवक्का माझ्याकडे रोखून बघत म्हणाली. "आज ठार बहिरी?"

मी काही बोलणार तेवढ्यात दारातून उत्तय्या अज्जा आले.

अज्जा तोफखान्यात होते. तोफांनी दोन्ही कान नेलेले, त्याला आता जमाना लोटला. पूवक्का म्हणायची, यांच्या कानाशी बंदूक उडवली तर हे वारा कुठून आला म्हणून बघतील. समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायचे, आणि स्वतः बोलायचे ते समोरच्या डोंगरावरच्या माणसाशी बोलावं तसं. "पोरी! कॉफी प्यालीस का!" असं त्यांनी मला विचारलं तेव्हा बाहेरच्या बाकावरचे सगळे हसले.

त्यांना घेऊन सून आली होती, देचम्मा. ती हसली नाही. देचम्माला मी आधीही पाहिलं होतं, पण तेव्हा ती वेगळी होती. दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांच्या मळ्यावरचा डोंगर खाली आला. उताराला मजुरांची घरं होती. देचम्माची बोजू, सहा वर्षांची पोर, मैत्रिणीकडे खेळायला म्हणून त्या घरांत गेली होती. चिखलातून फार थोडी माणसं हाती लागली. बोजू लागली नाही. देचम्माचा नवरा लष्करात, दूर उत्तरेत. घरात ही दोघंच.

अज्जा पेटीत बसले. त्यांची तपासणी नावालाच असायची. पूवक्कानं सवयीनं शिट्टी सोडली आणि कॉफीचा पेला उचलला.

दिवा लागला.

तिनं पेला खाली ठेवला. शिट्टी बारीक केली. दिवा लागला. आणखी बारीक. लागला. मांजराच्या कानालासुद्धा लागणार नाही इतकी बारीक केली. दिवा लागला.

"झालं," पूवक्का म्हणाली. "ऐकणारे बहिरे, आणि बहिरा ऐकतोय. तू सगळं उलटं करून ठेवलंस बाई."

मलाही हसू येत होतं. मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला आणि पाहिलं. हेडफोनचं नाव लिहिताना माझ्याकडून एक जागा जास्त सुटली होती. तेवढ्यानं नाव जुळलं नव्हतं. प्रोग्रॅमनं मी सांगितलं होतं तसंच केलं होतं.

"पूवक्का," मी म्हटलं, "आज एकही शिट्टी पेटीत गेलेली नाही."

"मग कुठे गेली?"

"कुठेच नाही."

आम्ही दोघी काचेतून आत बघत राहिलो. अज्जा डोळे मिटून, मान जराशी कलती करून बसले होते. तशी मान मी त्यांची कधी पाहिली नव्हती. बहिरी माणसं मान कलती करत नाहीत.

मी अंगावरचा काटा झटकला. म्हातारा अंदाजानं दाबत असेल. मी स्क्रीन पूवक्कालाही दिसणार नाही असा वळवला, थोडं थांबून एक शिट्टी मुक्या वाटेला सोडली. दिवा. पुन्हा बराच वेळ थांबले. शिट्टी. दिवा. मग मी हात मांडीवर घेऊन नुसती बसले. काही सोडलंच नाही.

दिवा लागला.

"बघ!" पूवक्कानं सुस्कारा टाकला. "अंदाजानंच दाबतायत. मी घाबरले ना गं."

पेटीत एक माइक टांगलेला असतो. त्याची तार वेगळी आहे, माझ्या प्रोग्रॅमशी तिचा संबंध नाही. आत बसलेला माणूस बोलला की टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून आम्हाला ऐकू येतं. त्यातून आवाज आला.

"शिट्टी नव्हती ही... कुणीतरी खोकलं."

अज्जाच बोलत होते. पण हळू. इतकी वर्षं ओरडून बोलणारा माणूस, आणि आता असा बोलत होता की जणू शेजारच्या खोलीत कुणी निजलं आहे.

पूवक्का काचेला जवळजवळ चिकटली. ओठ ठळक हलवत तिनं विचारलं, "कोण खोकलं, अज्जा?"

त्यांनी डोळे किलकिले करून तिच्या ओठांकडे पाहिलं. "माहीत नाही. पुष्कळ माणसं आहेत. आपसात बोलत असतात... शिट्टी वाजली की गप्प होतात. आत्ताही गप्प आहेत."

"का?"

"ऐकतायत."

"काय ऐकतायत?"

"आपल्याला..."

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर ऊन होतं, बाकावर कुणी बाई तोडणीच्या मजुरांबद्दल तक्रार करत होती. मला आठवतंय, त्या बाईचं बोलणं ऐकून मला बरं वाटलं. आणि मग माझ्या लक्षात आलं, की देचम्मा खुर्चीवरून उठली आहे.

"पोरं आहेत का त्यांच्यात?" तिनं विचारलं.

आम्हाला नाही, काचेला विचारलं. अज्जांनी डोळे पुन्हा मिटले होते, त्यांना तिचे ओठ दिसले नाहीत. तशी ती वळली. पूवक्का आतल्या पेशंटला सूचना द्यायला एक माइक वापरते, तो टेबलावर होता. देचम्मानं तो उचलला.

त्या माइकचा आवाज माझ्या प्रोग्रॅममधून जातो. शिट्ट्या जातात त्याच वाटेनं. मला ते ठाऊक होतं. तो आवाज पेटीत जाणार नव्हता, कुठेच जाणार नव्हता, आणि तरीही मी तिचं मनगट धरलं.

"देचम्मा, नको."

"सोड गं अक्का. एकदाच." तिनं हात सोडवून घेतला. मग माइक ओठांशी नेऊन, दारात उभं राहून अंगणातल्या पोराला जेवायला हाक मारावी तशी ती म्हणाली, "बोजू..."

स्क्रीनवरची पट्टी हलली आणि निपचित पडली. काचेपलीकडे अज्जांचे डोळे खाडकन उघडले.

"देची, नको!"

ते आमच्याकडे बघतही नव्हते, नजर पेटीच्या कोपऱ्यात होती. त्यांनी तिला पाहिलं नव्हतं.

"बोजू, मी आहे गं. आई. कुठे आहेस तू? थंडी वाजते का?"

दिवा लागला. विझला. पुन्हा लागला. माझी नजर आत गेली. बटण अज्जांच्या हातात नव्हतंच. ते मांडीवरून घसरून तारेला लोंबत होतं, आणि अज्जांचे दोन्ही हात हेडफोनवर होते.

"काय म्हणते ती?" देचम्मा काचेवर थापा मारायला लागली. "अज्जा, सांगा ना! काय म्हणते माझी पोर?"

अज्जांनी हेडफोन कानांवर आणखी घट्ट दाबला. मग स्पीकरमधून आवाज आला, पुसट.

"विचारते... येऊ का."

मी प्रोग्रॅम बंद करायला हात टाकला. तुम्ही म्हणाल, आधीच का नाही टाकला. पण तुम्ही देचम्माचं तोंड पाहिलं नव्हतं. माझं बोट पोचायच्या आत ती म्हणाली,

"ये."

पट्टी हलली. मी प्रोग्रॅम बंद केला. लॅपटॉप बंद केला. वायर उपटली, ती निघाली तेव्हा हेडफोनची खोबणही सोबत तुटून आली. पूवक्कानं पेटीचं दार उघडलं आणि अज्जांच्या कानांवरचा हेडफोन काढून घेतला.

"झालं, अज्जा. बंद केलं सगळं."

त्यांनी तिच्या ओठांवरून ते वाचलं. मान हलवली.

"कानांवर नाहीये ते, पोरी," ते म्हणाले, आणि सुनेकडे वळले. ते रागावले नव्हते. त्यांना तिची दया येत होती. "देची, तू कुणाला ये म्हणालीस, ते त्यांना कळलं नाही. सगळेच उठलेत."

अज्जांना पूवक्काच्या गाडीतून घरी पोचवलं. मी म्हैसूरला परतले. हेडफोनचं नाव नीट लिहिलं, मुकी वाट कोडमधून काढून टाकली, आणि नवीन प्रोग्रॅम पूवक्काला पाठवला. मास्तरांचे कान ठणठणीत निघाले. पूवक्कानं सांगितलं तेव्हा आम्ही दोघीही हसलो नाही.

ती रोज जाऊन यायची त्यांच्याकडे. अज्जा ओसरीवर खुर्ची टाकून बसलेले असायचे, तोंड मळ्याच्या उताराकडे. जेवायला घातलं तर जेवायचे. आपलं बोलणं मात्र त्यांना अजूनही ओठांवरूनच कळायचं, कोंबडा आरवलेला कळायचा नाही की भांडं पडलेलं. ऐकू यायची ती फक्त ती माणसं.

"कुठवर आलेत ते सांगतात," पूवक्का फोनवर म्हणाली. "काल ओढ्याशी होते म्हणे. उतरायला वाट सापडत नव्हती."

"आणि देचम्मा?"

"ती पाणी तापवून ठेवते. पोर चिखलात माखून येईल म्हणते. काहीतरी कर ना गं. तुझंच यंत्र ना ते?"

मी काय करणार होते? पण मी केलं. एका दुपारी घरात कुणी नसताना बसले. लायब्ररी उघडली, आणि उपकरण म्हणून पुन्हा तीच वाट निवडली. पूवक्काला फोन लावून अज्जांजवळ बसायला सांगितलं. मग माइक जवळ घेतला. स्वतःचीच लाज वाटत होती. रिकाम्या घरात, कुठेच न जाणाऱ्या तारेवर मी म्हटलं, "परत जा. हात जोडते. चुकून बोलावलं तुम्हाला. परत जा."

पट्टी हलली. थांबली. आपलं कुणी ऐकलं की नाही, हे कळायला काही मार्ग नसतो त्या वाटेवर. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा म्हटलं. मला रडू यायला लागलं.

"पूवक्का? काय म्हणतात अज्जा?"

पलीकडे काहीतरी खुडबुड झाली. मग फोनवर अज्जाच आले. त्यांना फोन ऐकू येत नाही. ते नुसते बोलले, अगदी हळू.

"बोलू नकोस, पोरी. तुझा आवाज आला की ते थांबतात... आवाज कुठून आला ते बघतात. थोडे तुझ्याकडे वळलेत. तू घरात एकटी आहेस ना? गप्प बस आता. मी आहे ना इथे. येऊ देत माझ्याकडेच."

मी गप्प बसले. संध्याकाळी घरचे येईपर्यंत मी त्या खुर्चीत हललेसुद्धा नाही. त्यानंतर मी तो माइक कधी हातात घेतला नाही.

अज्जा गेले ते सकाळच्या उन्हात, खुर्चीत बसल्या बसल्याच. कोडव, म्हणजे कोडगूतल्या मूळ लोकांच्या घरात माणूस गेला की अंगणात बंदुकीचे दोन बार काढतात, सगळ्या खोऱ्याला कळतं. पूवक्काला ते दवाखान्यात ऐकू आले. मी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. अज्जांना फौजेतली पदकं लावून ठेवलं होतं. चेहरा शांत होता. मला वाटलं, चला, सुटले. त्यांच्याबरोबर तेही संपलं असेल. ऐकणाराच राहिला नाही, तर आता कोण काय ऐकणार?

सगळं उरकल्यावर मी आणि पूवक्का देचम्माला शोधत मागच्या दारी गेलो. ती पायरीवर एकटी बसली होती. डोळे कोरडे होते. उजवा हात तिनं शेजारी, पायरीवर टेकल्यासारखा ठेवला होता, पण तो पायरीवर टेकलेला नव्हता. थोडा वर होता.

"नवरा उद्या पोचतोय ना?" पूवक्कानं विचारलं. "आज माझ्याकडे चल. एकटी नको राहूस."

"एकटी नाहीये मी." तिनं इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "पूवक्का, आली ती. कालच आली."

पूवक्कानं माझा दंड धरला.

"दिसते?" मी विचारलं.

"नाही."

"बोलते?"

"नाही. नुसता हात धरून असते. सोडतच नाही. भाकरी थापायची म्हटलं तरी सोडत नाही बाई." ती हसली. कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना पाहिलं. मग तिनं त्या हाताकडे पाहिलं, आणि हसणं थोडं मावळलं. "हात जरा मोठा वाटतो तिचा. पण दोन पावसाळे झाले ना... वाढलीच असेल."

पूवक्कानं तिची विनवणी केली, मी केली. ती ऐकेना. पोरीला पुन्हा घराबाहेर काढायचं नाही, एवढंच म्हणत राहिली. तिच्या उजव्या हाताची बोटं एकमेकांना घट्ट चिकटली होती, रक्त उतरून पांढरीफटक पडली होती.

ऊन कलायला लागलं तशा आम्ही निघालो. देचम्मा फाटकापर्यंत पोचवायला आली. लहान पोराला चालवत आणावं तशी, जरा थांबत थांबत. गाडीत बसून मी मागे वळून पाहिलं. तिनं निरोपाला डावा हात उचलायला घेतला. तो थोडा वर आला, आणि थांबला. देचम्मानं त्याच्याकडे नवलानं पाहिलं. पुन्हा उचलायला बघितलं.

हात उठेना. त्या हाताचीही बोटं पांढरी पडत चालली होती.